मूठभर मीठ

नमुना क्रमांक : ३१

म्हणजे मसुऱ्याचे दाजी. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही भाऊ मूत्रपिंडं निकामी होऊन गेले, मुलगा सत्यवान आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. दाजी मात्र अजून काजूच्या बागेत सकाळीच हजर. त्यांच्या रक्तातली कुठली प्रथिनं त्यांना सांभाळतायत, ते पुण्याच्या प्रयोगशाळेतलं मास स्पेक्ट्रोमीटर यंत्र सांगणार होतं. त्या घरात ताडून बघायला धडधाकट माणूस हा एवढाच.

संमती : आहे

चार महिने नव्हती. आज देवळात कौल लावला तेव्हा मिळाली. दाजींनीच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू माझा रगात मागता. एकदाच देतलंय. पटत आसात तर उजवो दी." देवाला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे होकार. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांबरोबर नमुने गोळा करणारी सारिकाही ओरडली, जरा जास्तच मोठ्याने.

"एकदाच हां गो," बोट पुढे करत दाजींनी बजावलं.

वेळ : ९.४०

बोटाच्या टोकातून काही थेंब. पेनाच्या टोपणाहून लहान नळी. आता दोन तासांत कुडाळच्या खोलीवर नेऊन ती सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची, पेशी तळाला बसवायच्या, वरचा पिवळसर द्रव काढून घ्यायचा. तोवर रक्त थंड हवं, पण बर्फासारखं गोठता कामा नये. गोठलं की तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा लाल रंग सगळ्यात मिसळतो, आणि त्या गर्दीत यंत्राला बारीकसारीक प्रथिनं दिसत नाहीत.

साठवण : बर्फात

रात्रभर लाईट नव्हती. डब्यातल्या थंड पिशव्यांचं पाणी झालेलं. तिठ्यावर तुळसा मासे घेऊन बसली होती.

"गो बाय, असा तोंड पाडून कित्याक? बांगडे व्हये?"

"बर्फ दे. दाजींचं रक्त आहे डब्यात."

"दाजींचा? तो फणसाची आठळी देवचो नाय कोणाक!" तुळसाने डबा ओढून घेतला, स्वतःच भरला, झाकण दाबलं. सारिकाची स्कूटर सुटली तेव्हा ती मागून ओरडली, "मीठ पण घातलंय गो! चांगलो थंड ऱ्हवतलो!"

सारिकाने हात हलवला.

वेळ : लिहिलेली नाही

वळणावर, कुठल्या ते तिला आठवत नाही, कुल्फीवाल्याचं मडकं डोळ्यांसमोर आलं. बर्फात मीठ. त्यानेच तर कुल्फी गोठते.

स्कूटर रस्त्याकडेला. झाकण उघडलं. नळीवर पांढरा थर. तिने हलवली. आतलं हललं नाही.

मुठीत धरली, मूठ काखेत. कडेचंच गोठलं असेल. मधलं नसेल. एका हाताने स्कूटर चालेना, म्हणून नळी ब्लाउजमध्ये.

रंग : पिवळसर / गुलाबी / लाल

दहा मिनिटं यंत्र घोंघावलं. थांबलं. तिने डोळे मिटून नळी काढली, उघडून पाहिली. वरपासून खालपर्यंत जास्वंदीसारखी लाल.

पेन 'पिवळसर'वर टेकलं. पुण्याला कोण विचारणार? म्हाताऱ्याचं रक्तच तसं, म्हणतील. मग ते खोटं रक्त सत्यवानच्या रक्ताशेजारी ठेवून ताडतील.

तिने 'लाल'वर खूण केली. शेरा : बर्फात मीठ होतं. नळी मी न बघता थेट बर्फात ठेवली.

मग फोन लावला. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुळसान घातल्यान मीठ?"

"तिने चांगल्यासाठीच घातलं, दाजी. मी बघायला हवं होतं."

"देवाक मी 'एकदाच' सांगलंय. आता परत मी काय तोंडान उभो ऱ्हवू?"

सारिकाने फॉर्मवरची 'संमती : आहे' ही ओळ पुन्हा वाचली.

"तू घाल गाऱ्हाणा," दाजी म्हणाले. "सोमवारी ये. मीठ कोणी घातल्यान, कोणी बघूक नाय, सगळा सांग त्याका. मगे पाकळी खंय पडता ती बघू."

"मला गाऱ्हाणं येत नाही, दाजी."

"सकाळी 'व्हय म्हाराजा' बरा येय होता," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नमुना क्रमांक : ३१, दुसरी वेळ

संमती :