कान्हेरीत अडकलेला जुलै

ही गोष्ट तुम्हांला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. एका डॉक्टराला सांगितली तर त्याने आधी नाडी बघितली आणि मग जीभ बाहेर काढायला लावली. तेव्हा विश्वास ठेवू नका, माझी हरकत नाही. फक्त मध्ये बोलू नका.

साल अडुसष्ट. परभणीकडचा अंबादास नावाचा मुलगा पार्ल्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला होता, विषय वनस्पतिशास्त्र. राहायला चेंबूरला, चुलतभावाच्या, शिवदासच्या, दहा बाय बाराच्या खोलीत. शिवदासची बायको म्हणजे याच आपल्या राधावहिनी, पलीकडे वाटाणे सोलत बसल्यात त्या. तेव्हा लग्नाला सहा महिने झालेले, आणि वयाने अंबादासपेक्षा वर्षाने लहानच. पण नात्याने वहिनी ती वहिनी.

अंबादासच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला हा पहिलाच. बापाने, काशीरामने, त्याला धाडताना एकच गोष्ट सांगितली होती. "कापसाच्या जिनिंगच्या मुकादमानं तुझी जागा धरून ठेवलीय. एक वर्ष जरी घसरलं, तर माघारी यायचं. दुसऱ्यांदा धाडणं आपल्याच्यानं होणार न्हाई, लेकरा."

वनस्पतिशास्त्राच्या पोरांचं एक असतं, वाचणं थोडं आणि पायपीट फार. टर्मभर सहली. जुलैत जोगेश्वरीच्या गुंफा, ऑगस्टात आरे, सप्टेंबरात कान्हेरी, ऑक्टोबरात गोराईची खाडी. पुढे जयवंत सर, मागे चिखल तुडवत अठरा पोरं. सर छत्रीचं टोक एखाद्या रोपाला लावून त्याचं लॅटिन नाव घेत, आणि पोरं ते रोप मुळासकट उपटत. घरी नेऊन ते जुन्या वर्तमानपत्रात पसरायचं, वर वजन ठेवून दाबायचं, वाळलं की जाड पांढऱ्या कागदावर शिवायचं. असे पंचवीस कागद झाले की हर्बेरियम पुरं. त्यावर सरांची सही पडली की टर्म ग्रँट. सही नाही तर टर्म नाही, आणि टर्म नाही तर परीक्षेला बसायचं नाव नाही.

अंबादासला त्या सहलींचं वेडच लागलं. एरवी त्याची मुंबई म्हणजे चेंबूरची खोली आणि कॉलेजची प्रयोगशाळा. गोराईला त्याचा दोस्त कॉस्मस राहायचा, तिथल्या ख्रिस्ती गावठाणातला. कॉस्मसच्या आईने अख्ख्या वर्गाला अंगणात बसवून बोंबलाचं कालवण वाढलं. जयवंत सर पक्के शाकाहारी. त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि वाटी खाली ठेवून विचारलं, ही कुठली वनस्पती. असं कॉस्मस सांगायचा. मी नाही.

आता मुद्द्याचं. डिसेंबरच्या सहा तारखेला गावाकडची माणसं दादरला अभिवादनाला येतात. ती उतरतात कुठे? ज्याच्या त्याच्या नातेवाइकाकडे. त्या वर्षी शिवदासच्या खोलीवर तेरा माणसं येणार होती, त्यात काशीरामही. म्हणून चार तारखेला, बुधवारी, राधावहिनींनी खोली धुऊन काढायला घेतली. खाटेखाली हा एवढा वर्तमानपत्रांचा गठ्ठा, गुडघ्याएवढा. उघडून बघितला तर आत वाळका पाला. त्यांना वाटलं, उंदरांनी बिऱ्हाड केलंय.

अंबादास संध्याकाळी आला तेव्हा खाटेखाली स्वच्छ फरशी होती.

"वहिनी, इथले पेपर?"

"रद्दीवाल्याला दिले. तेरा माणसं निजणार कुठे, तुमच्या डोक्यावर?"

"त्यात माझी झाडं होती."

"झाडं कुठली भाऊजी, पाला होता. थोडा मी झटकलासुद्धा."

अंबादास ओल्या फरशीवर तसाच बसला. पंचवीस रोपं शिवायचं काम त्याने शेवटच्या आठवड्यावर ठेवलं होतं. सगळीच पोरं ठेवतात. सोमवारी चारला हर्बेरियम द्यायचं होतं. त्याने हे सगळं सावकाश सांगितलं. राधावहिनींनी ऐकून घेतलं, पायांत चपला अडकवल्या आणि त्याच्याही आधी बाहेर पडल्या.

रद्दीवाल्याने दुकान उघडं करून दाखवलं. गठ्ठा दुपारीच घाटकोपरच्या चणेवाल्यांकडे गेला होता.

गुरुवारी सकाळभर अंबादास घाटकोपर स्टेशनाबाहेर दिसेल त्या चणेवाल्यासमोर उभा राहिला. लोक पुडी घेत, तो म्हणे, "भाऊ, चणे खा, पण कागद मला द्या." काहींनी दिला, काहींनी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्याच्या पुडीत आरेची भारंगी निघाली, त्याने ती कढीपत्ता समजून चावून खाल्ली होती. त्या आठवड्यात निम्म्या घाटकोपरच्या पोटात अंबादासचा अभ्यासक्रम गेला आणि एका माणसाचं वीस वर्षांचं जुनाट दुखणं बरं झालं. ए जानकी, पुढे बसून हसू नकोस, त्याचा नातू आजही तिथे आहे, विचार जाऊन. अंबादासच्या हाती काय लागलं? दोन पानं आणि अर्धं मूळ.

दुपारी तो ते घेऊन जयवंत सरांसमोर उभा राहिला.

"दोन वर्षांपूर्वी एकाचं हर्बेरियम शेळीने खाल्लं," सर म्हणाले. "गेल्या वर्षी एकाचं वाळवीने. रद्दीवाला नवीन आहे, तेवढं कौतुक करतो. सोमवारी चार वाजता, पंचवीस कागद."

"सर, डिसेंबर आहे. पावसाळी झाडं आता कुठे मिळणार?"

"तेच मी जुलैपासून सांगत होतो. वेळेवर शिवा."

गुरुवारी संध्याकाळी गावची माणसं आली. काशीरामने हातपाय धुतले, पाणीसुद्धा प्यायला नाही, आणि म्हणाला, "कुठं हायेत तुझी झाडं? दाखीव ह्यांना. साऱ्या गावाला सांगून आलोय, माझं पोरगं झाडाला त्याच्या इंग्रजी नावानं हाक मारतं म्हणून."

"कॉलेजात ठेवलीत, बापू."

राधावहिनी स्टोला पिन मारत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

शुक्रवार दादरला गेला. शनिवारी अंबादास आणि कॉस्मस जोगेश्वरीला गेले. जुलैत जिथे गुडघाभर हिरवं होतं तिथे पिवळं गवत आणि वाळत घातलेली धुणी. टाकळ्याच्या शेंगा फुटून गेलेल्या, तेरड्याचा पत्ता नाही. दिवसभरात सहा रोपं मिळाली, त्यातली दोन एकच.

"यार, तुझी वाट लागली," कॉस्मस म्हणाला. "माझ्यातली दहा घे ना."

"सर ओळखतील. तू मुळं नेहमी डावीकडे वाकवतोस."

"मग उजवीकडे वाकवू."

"वाळलेलं वाकत नाही रे. मोडतं."

रविवारी गावच्या माणसांना कान्हेरीची लेणी बघायची होती. बुद्धाची लेणी, मुंबईत येऊन न बघता जायचं कसं? आणि वाट दाखवायला कोण, तर अंबादास. बोरिवलीहून चालत निघाले, पुढे तो आणि कॉस्मस, मागे बाप आणि बारा माणसं. कॉस्मसच्या खांद्यावर रिकामी पिशवी. अंबादासची नजर कडेच्या गवतावरून हलत नव्हती. सप्टेंबरात याच उतारावर सोनकीची फुलं इतकी होती की सर छत्री मिटून उभे राहिले होते. आता पायाखाली नुसता कुरकुर आवाज.

काशीराम वाटेतलं एकेक झुडूप दाखवायचा. "ह्याचं काय नाव, सांग ह्यांना."

ती कारवीची वाळकी काठी होती. "स्ट्रोबिलँथस," अंबादास म्हणाला.

"ऐकलं का, ष्ट्रोबी... पुढचं त्यालाच ठाऊक." बाप मागे वळून हसला. बाराही माणसं त्या काठीकडे आदराने बघत पुढे गेली. एका म्हातारीने तर तिला हात जोडले.

मोठ्या चैत्यात सगळी शांत बसली तेव्हा अंबादास मागच्या मागे निसटला. कालची वेगळी पाच आणि आजची पिशवीतली तीन, अशी आठ रोपं होती. उद्या चार वाजता आठ कागद, आणि मंगळवारी बापाबरोबर परतीचं तिकीट. तो वरच्या लेण्यांच्या मागे, जिथे कुणी जात नाही तिथे, दगडावर जाऊन बसला. बापाला काय सांगायचं ते त्याने जुळवून बघितलं. पहिलं वाक्य जुळलं, दुसरं जुळेना. मग पहिलंही गेलं. कॉस्मस मागोमाग आला. शेजारी बसून त्याने पिशवीतली रोपं पुन्हा मोजली. खाली बाप कुणाला तरी सांगत होता, "पोरगं वर गेलंय, झाडं बघाया," आणि ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

आणि तेवढ्यात बेडूक ओरडला.

डिसेंबरात, भर दुपारी, कातळावर. दोघं उठले. दगडाच्या दोन भिंतींमधल्या फटीत आडवे होऊन शिरले, आणि पलीकडे, खाटेएवढ्या जागेत, जुलै महिना बसला होता. सगळे महिने निघून गेले, हा एवढाच तिथे अडकून राहिलेला. वर पांघरुणाएवढा ढग, खाली पाणी ठिबकतंय, आणि तेरडा, सोनकी, आभाळी, भारंगी, जे मागाल ते, फुलांसकट. कॉस्मसने आत पाऊल टाकलं तर गुडघ्यापर्यंत भिजला, बाहेर काढलं तर कोरडा. सतरा हवी होती, बरोबर सतराच निघाली. अठराव्याला हात लावला तर बेडूक पायावर येऊन बसला. तुम्ही म्हणाल, ओली रोपं एका रात्रीत वाळली कशी? वर्तमानपत्रात घालून जमिनीवर अंथरली आणि वर तेरा माणसं निजवली. सकाळी उचलली तर पापडासारखी. राधावहिनींनी सुई ओवून दिली, अंबादासने शिवली. सोमवारी चारला जयवंत सरांनी पंचविसावा कागद उलटला, चष्मा काढून पुसला, खिशातून पेन काढलं आणि सही...

"खोटं," राधावहिनी म्हणाल्या. वाटाण्याची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "जुलै सापडला असेल तुम्हांला, मी तिथे नव्हते. बेडूकही असेल. पण सही नाही झाली, भाऊजी. मंगळवारी बापूंबरोबर तुम्ही गाडीत बसलात. पेटी मीच उचलून दिली. आणि इतकी वर्षं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती सही करवून घेता. कशाला? माझ्या मनाला लागू नये म्हणून? रद्दी मीच दिली होती. ते ठाऊक आहे मला. आता नका करू."