लोखंड विसरत नाही

मित्रांनो, कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत सर्वांत वरच्या फळीवर, बंद पडलेल्या पंख्याच्या मागे एक काळसर चौकोनी ठोकळा दिसतो. तो मी. मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने सतरा हा आकडा लिहिलेला आहे. याहून वेगळे नाव मला कोणी ठेवले नाही. इथून मला एक खिडकी, दोन टेबले आणि एक रिकामे स्टूल दिसते.

त्या स्टुलावर तारमामा बसत. सारा जन्म तांब्याची तार गुंडाळण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना तारमामा म्हणत. मला त्यांनीच घडवले. बोटाला कापडाची पट्टी बांधून ते तारेचे वेढे घालत आणि ओठांतल्या ओठांत मोजत. मध्येच कोणी हाक मारली, तर मान वर न करता एक बोट उंच करत. म्हणजे, थांब, मोजणी चुकेल. मग त्यांनी लोखंडाचे पातळ पत्रे एकात एक बसवले, मला वार्निशमध्ये बुडवले आणि भट्टीत वाळवले.

माझ्या पोटात तारेची दोन वेटोळी आहेत. ती एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. एकातून वीज खेळू लागली की मधल्या लोखंडात चुंबकत्व जागे होते. ते एकदा या दिशेने आणि एकदा त्या दिशेने हेलकावते, आणि त्या हेलकाव्याने दुसऱ्या वेटोळ्यात वीज उभी राहते. शेजारी राहूनही कधी न भेटणाऱ्या दोन भावांमधला निरोप्या म्हणजे मी.

मामांची तपासण्याची एक रीत होती. टेबलावर गोल मुठीचा डिमर होता. मूठ फिरवावी तशी वीज कमीजास्त होई. मामा शून्यापासून हळूहळू वीज चढवत, माझ्या अंगाला कान लावून गुणगुण ऐकत आणि तितक्याच हळू ती पुन्हा शून्यावर आणत. मगच बटण बंद करत. कोणी घाई केली, तर म्हणत, "झोपलेल्याला हलवून उठवू नये, आणि जागत्याला धक्का देऊन झोपवू नये."

आम्ही चाळीस भावंडे. सगळी त्यांच्या हाताखालून पास झालो आणि दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्यांखाली जाऊन बसलो. माझी खुर्ची खिडकीपाशी होती. डॉक्टरीणबाई बटण दाबत, खुर्ची मागे कलंडे, माणूस आ वासून छताकडे बघत राही. दिवस बरे चालले होते. पण एका सकाळी बटण दाबताच फ्यूज उडाला. नवा बसवला, पाच दिवस सुरळीत गेले, आणि सहाव्या दिवशी पुन्हा उडाला. तिसऱ्या वेळी रांगेतले एक आजोबा म्हणाले, "खुर्चीच घाबरते इथे, आपली काय कथा."

मला कारण माहीत होते, मित्रांनो, पण मला फक्त गुणगुणता येते.

दवाखान्यात डिमर नव्हता. संध्याकाळी खटकन बटण बंद होई. ज्या क्षणी वीज तुटे, त्या क्षणाचे थोडे चुंबकत्व माझे लोखंड तसेच धरून बसे. सकाळी वीज उलट बाजूने आली, तर सगळे ठीक. पण ती त्याच बाजूने आली, की अर्धे जेवलेल्याला पुन्हा पूर्ण ताट वाढल्यासारखे होई. लोखंडाचे पोट गच्च भरे. आणि पोट भरलेल्या लोखंडाला वीज अडवता येत नाही. ती लोंढ्यासारखी आत घुसे आणि फ्यूज जाई. म्हणून रोज नाही, कधीतरी.

असे फ्यूज उडवणारे आम्ही नऊ जण कारखान्यात परत आलो. कारखान्यात एक नवी इंजिनियर आली होती. तिची पहिलीच नोकरी. आम्हाला घडवण्याआधी तिनेच कॉम्प्युटरवर खुर्चीचे सगळे सर्किट मांडले होते आणि त्यात मलाही काढले होते. पण त्या चित्रातला मी फार सरळ होतो. जितके द्यावे तितके घेणारा, कधी पोट न भरणारा. आणि चालू केले की तो दर वेळी नव्याने जन्माला येई. त्याच्या लोखंडाला कालचा दिवसच नव्हता. पडद्यावर प्रवाह कसा शहाण्यासारखा वाहत होता.

मालक पडद्याकडे बघून म्हणाले, "डिझाइन तर बरोबर आहे. मग चूक कुठे झाली, मामा? हात कापायला लागलेत का?"

"चाळीसच्या चाळीस मी स्वतः तपासलेत."

"तुम्ही तपासता तेव्हा चालतात आणि दाराबाहेर गेले की उडतात. यातून मी काय समजायचं?"

मामांनी बोटाची पट्टी सोडली, घडी करून स्टुलावर ठेवली आणि डबा घेऊन निघून गेले. आम्हा नऊ जणांना शनिवारी भंगारात काढायचे ठरले.

इंजिनियरला मात्र चैन पडेना. तिने खोक्यातून मला उचलले. भिंतीवर मामांच्या अक्षरात चाचणीची रीत लिहिलेली होती. तिने ती तंतोतंत पाळली. वीस वेळा डिमर हळू चढवला, वीस वेळा हळू उतरवला. फ्यूज काही उडेना. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. "हो, आई. जेवले. अगं खरंच जेवले," म्हणत तिने घाईत डिमर तसाच ठेवून बटण बंद केले. फोन ठेवून पुन्हा बटण दाबले, आणि फट्.

मग तिने नवा फ्यूज घातला आणि मुद्दाम पुन्हा तसेच केले. पुन्हा. सहाव्या खेपेला तोही उडाला.

त्यानंतर दोन दिवस ती मला प्रश्न विचारत होती. किती वीज दिली की किती चुंबकत्व येते, काढून घेतली की किती उरते. यंत्राच्या काचेवर माझी रेघ उमटली. ती सरळ नव्हती. टोकांना वाकलेली, आणि जायची वाट वेगळी, यायची वाट वेगळी. लांबट पानासारखी दिसत होती. तिने ते पान कॉम्प्युटरमधल्या मला दिले. तिथे "आधीचे चुंबकत्व" अशी एक चौकट होती. तिने ती पहिल्यापासून शून्यच ठेवली होती. आता तिथे माझा खरा आकडा भरला. पडद्यावरचा प्रवाह माझ्यासारखाच उसळला.

"असा आहेस होय तू," ती मला म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोलले ते तेवढेच.

शुक्रवारी तिने मला टेबलावर चालू केले आणि मामांना बोलावून घेतले. "मामा, तुमच्या कामात खोट नाही. तुम्ही यांना नीट झोपवत होतात, म्हणून इथे कधी कळलंच नाही. आणि माझ्या ट्रान्सफॉर्मरला आठवणच नव्हती. चूक माझी आहे."

मामांनी पडद्यावरची उसळी पाहिली. "लोखंड विसरत नाही, पोरी."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग मालकांना सांगितलं का नाहीत?"

"त्यांनी लोखंडाचं विचारलंच नाही. हात कापतात का, एवढंच विचारलं."

मालक आले, ओशाळले. "झालं गेलं सोडा, मामा. सोमवारपासून या."

"बघू," मामा म्हणाले. जाण्याआधी त्यांनी डिमरची मूठ अगदी हळू शून्यावर आणली आणि मगच माझे बटण बंद केले.

माझी आठ भावंडे वाचली. सुरुवातीचा लोंढा अडवणारा एक लहानसा भाग सोबत देऊन त्यांना परत पाठवले. माझे चित्र आता कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत आहे, त्यामुळे माझे काम उरले नाही. इंजिनियर ताईने मला या फळीवर ठेवले. ती आजही डिमर हळू उतरवते. स्टुलावर ती पट्टी तशीच आहे. तिला कोणी हलवत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू बंद करताना, एखाद्या माणसाला निरोप देताना घाई करू नका. ज्या क्षणी तुम्ही हात काढता, तो क्षण मागे उरतो. माझ्या लोखंडात आज काही उरलेले नाही, कारण मला शेवटचे तारमामांनी बंद केले.

तारमामांना मात्र कोणी असे हळू शून्यावर आणले नव्हते. कितीतरी सोमवार आले आणि गेले. ते आले नाहीत.