आत्याच्याच गोंदाचं गुपित

आमचं वॉशिंग मशीन बिघडलेलं नव्हतं. तरीही ते दुरुस्त करायला दोन माणसं सोमवारपासून रोज येत होती. एकाच्या डोळ्यांवर बाथरूममध्येसुद्धा काळा गॉगल, दुसऱ्याच्या गळ्यात भर उकाड्यात मफलर. मशीन त्यांनी पार सुटं करून टाकलं आणि मग त्यांना ते जोडता येईना! ते गुप्तहेर आहेत हे शेजारच्या काकूंनाही कळलं होतं. जाता-येता त्या दारातून विचारायच्या, "काय हो, सापडलं का?"

सापडायचं होतं ते सूत्र. पाण्याखालीही चिकटणाऱ्या गोंदाचं. सरकारी प्रयोगशाळेच्या तिजोरीतून त्याचा कागद गायब झाला होता आणि संशय होता तिथेच नोकरी करणाऱ्या, आमच्या घरी राहणाऱ्या माझ्या आत्यावर. शनिवारपर्यंत सूत्र मिळालं नाही, तर तिची नोकरी जाणार आणि वर देशद्रोहाचा खटला.

आता खरी गंमत. हा गोंद शोधला कोणी? आत्यानेच! सूत्र तिला तोंडपाठ.

"मग सांगून टाक ना!" मी म्हटलं.

"सांगितलं की मेलेच," आत्या म्हणाली. "गोंद तयार झाला त्याच दिवशी साहेबांनी तो अतिगोपनीय ठरवला. अतिगोपनीय गोष्ट माहीत असण्याएवढा माझा हुद्दा नाही. त्यामुळे मी ते सूत्र विसरलेय, असं माझ्याकडून लिहून घेतलंय."

"म्हणजे तुझाच गोंद आणि तुलाच बंदी?"

"हळू बोल. मशीन ऐकतंय."

बाबा तर रडकुंडीला आले होते. "ताई, काहीतरी कर गं! तू तुरुंगात गेलीस तर मी काय करू? आणि धुतलेले शर्टही संपलेत."

शुक्रवारी शाळेतून आले ती दप्तर फेकूनच मी ओरडले, अगदी बाथरूमपर्यंत पोचेल असं. "आत्या! उद्या रसायनशास्त्राची परीक्षा आहे. चिकट पदार्थांचा धडा शिकव ना!"

"कसला धडा? तुमच्या पुस्तकात तर..."

मी तिला असा चिमटा काढला की बस. "अगं, भाचीला शिकवायला कुठल्या हुद्द्याची बंदी आहे का?"

आत्याचे डोळे लकाकले. पदर खोचून ती खुर्चीत नीट बसली. "बरं. समज हं, नुसतं समज, एका बाईला पाण्यातही सुटणार नाही असा गोंद करायचाय. तिने आधी दुधातलं प्रथिन वेगळं काढायचं."

बाथरूममधली ठोकाठोक बंद झाली. आठवड्यात पहिल्यांदाच.

"मग चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची आणि..."

"जरा सावकाश!" आतून आवाज आला.

आम्ही दोघी दचकलो. मफलर घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, पाना सावकाश फिरव, असं याला सांगतोय!"

तेवढ्यात गॉगलने दारातून मुंडकं बाहेर काढलं. "ताई, गरम किती करायचं?"

मफलरने त्याला कॉलर धरून आत ओढलं.

"हो गं आत्या, गरम किती करायचं?" मी निरागसपणे विचारलं.

आत्याने सगळं सांगितलं. आतून 'पेन्सिलचं टोक मोडलं' असं कुजबुजणं ऐकू आलं, तेव्हा ती थांबलीसुद्धा. शेवटी दोघं बाहेर पडले, ते आमच्या मशीनची मोटर हातात तशीच घेऊन!

शनिवारी साहेबांनी जाहीर केलं, की आमच्या जिगरबाज हेरांनी शत्रूच्या अड्ड्यावर धाड टाकून सूत्र परत मिळवलं. अड्ड्याची प्रमुख, एक अतिशय धूर्त तरुणी, निसटली. आत्या निर्दोष. (मी ती बातमी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. शत्रूच्या अड्ड्याचं का होईना, मला प्रमुखपद मिळालं!)

आत्या पुन्हा कामावर रुजू झालीय. गोंद तीच ढवळते, कारण बाकी कोणाला जमत नाही. फक्त ढवळताना तिने डोळ्यांवर पट्टी बांधायची, एवढी साहेबांची अट आहे. चुना कमी पडला तर तिला वासावरूनच कळतं आणि ती तसं सांगतेही. तेव्हा साहेब स्वतः चुना घालतात आणि पुन्हा पुन्हा विचारतात, "तुम्ही काही पाहिलं तर नाही ना?"