तनुजाचं उष्टावण

भूकंपाला अकरा महिने होत आले, तरी तनुजाचं उष्टावण झालं नव्हतं. पोर तेरा महिन्यांची, चार दात आलेले. पण घरात मयत झालेली, म्हणून वर्षश्राद्धाआधी कसलंच शुभकार्य नको, असं साखराबाईनं ठरवलं होतं. साखराबाई म्हणजे तनुजाच्या बापाची, श्रीमंतची सासू. लेक महानंदा भूकंपात मातीखाली गेली तेव्हापासून ती जावयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहून नात सांभाळत होती. पोरीला बाटलीनं दूध आणि पातळ पेज, एवढंच.

एके दिवशी शेजारणीनं लाडानं भाताचं शीत भरवलं आणि तनुजाला असा ठसका लागला की तिनं डोळे पांढरे केले. शीत बाहेर पडलं. तरी श्रीमंतनं पोर उचलली आणि थेट लातूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी घसा, जीभ, जबडा तपासला. "दुखणं काही नाही," त्या म्हणाल्या. "जनावरं आहेत का घरी?"

"देवणी गाय हाय एक."

"वासरू जन्मल्याबरोबर आचळ ओढतं, त्याला कुणी शिकवतं का? ओढायची वाट मेंदूत आधीच तयार असते. चावायची वाट वेगळी, ती मागून होते. दात येतात, तोंडात काही जाडंभरडं येतं, जबडा हलतो, तशी ती रुळते. हिच्या त्या वाटेनं अजून कुणी चाललंच नाही. आणखी उशीर केला तर अवघड जाईल. मऊ घास द्या, तिच्यासमोर बसून जेवा. घरात चावून कोण जेवतं?"

सासूच्या तोंडात एकही दात नव्हता, ती दुधात काला करून गिळायची. श्रीमंत स्वतः महानंदा गेल्यापासून उभ्याउभ्या, भिंतीकडे तोंड करून, पाण्याच्या घोटाबरोबर भाकर आत ढकलायचा.

घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. साखराबाई उखडली. "महिना ऱ्हायलाय फक्त. मामा येईल, चांदीची वाटी आणील, मग चार. माझ्या लेकीचं वरीस तरी पुरं होऊ दे!"

"आत्या, ती असती तर तिनं सहाव्या महिन्यालाच चारलं असतं. अन् मला शिव्या घातल्या असत्या."

साखराबाई पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसली.

श्रीमंतनं मांडी घातली, पोरीला समोर बसवलं. वरणात भिजवलेली भाकर बोटांनी कुस्करून कणभर तिच्या जिभेवर ठेवली. तिनं ती बाहेर ढकलली. मग त्यानं कोरडा तुकडा स्वतःच्या तोंडात घातला आणि गाय रवंथ करते तसा हळूहळू चावायला लागला. तनुजा टक लावून बघत राहिली.

असे पाच दिवस गेले. रोज ढकलायची, रोज बघायची.

सहाव्या दिवशी सकाळी चावता चावता त्याला भाकर गोड लागली. "चावून खा जरा, गाडी सुटून राहिली का तुमची?" महानंदा रोज ओरडायची. ज्वारी अशी गोड लागते, हे तो विसरूनच गेला होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं चावणं थांबवलं नाही.

तेवढ्यात तनुजाचा जबडा हलला. खाली, वर, मग जरासा तिरपा. घास बाहेर आला नाही.

दारात साखराबाई उभी होती. तिचं बोळकंही नातीबरोबर हलत होतं.

"चाव गं माय, चाव," ती म्हणाली. "मामाचं काय, त्याची वाटी मागून आली तरी चालंल."