हर्षाने बनवलेला सारस

करडी गावची हर्षा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळात कीबोर्ड वाजवायची. वाद्यात कारखान्यातूनच शेकडो आवाज भरून आलेले. सगळ्या मंडळांकडे तेच आवाज, त्यामुळे कुठल्याही गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, जा, नवरीच्या पाठवणीला तीच सनई रडायची.

यंदाच्या नाटकात एक प्रसंग होता. नवऱ्याची वाट पाहत बाई धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी असते आणि सारसांची जोडी ओरडते. दिग्दर्शक तेजरामभाऊ म्हणाले, "पक्ष्याचं बटन दाब. झालं."

हर्षाने दाबलं. कुठल्यातरी परदेशी बागेतलं पाखरू चिवचिवलं.

"हा सारस नाही जी. मीच बनवून पाहू का?"

"काहून डोकं खपवतं व? पब्लिकले काय समजते?"

"समजते जी. तळ्याकाठचे लोक आहेत ते."

तिने एका सपाट, कोऱ्या सुरापासून सुरुवात केली. तो चढवला, घासला, थोडा फाडला. तालमीत वाजवला तर थेट ट्रकचा भोंगा! नायिका झालेली रिता हसता हसता खालीच बसली. हर्षाही हसली, पण मनात ते टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील तुलाराम तळ्यात जाळं टाकायला निघाले, तशी तीही त्यांच्या डोंग्यात, लहानशा होडीत, बसली. पलीकडच्या धानाच्या बांधीत सारसांची जोडी उतरली होती. नराने मान वर करून लांब हाक दिली, आणि ती संपायच्या आत मादीची तुटक हाक तिच्यात मिसळली. हर्षा ताठ झाली. आपण एकाच पक्ष्याचा आवाज बनवत होतो!

घरी येऊन तिने दोन सूर बांधले. एक खोल, एक जरा चढा आणि किंचित उशिरा येणारा. दोन्हींत घशाची खरखर. कितीदा मोडले, पुन्हा बांधले. शेवटी शेजारच्या अंगणातून कुणीतरी ओरडलं, "अरे, सारस आले का गा?"

प्रयोग आंधळगावला होता. तो प्रसंग आला. हर्षाने दोन्ही हातांनी पट्ट्या दाबल्या, आणि समोरच्या ताडपत्रीवर बसलेल्या लोकांच्या माना एकदम वर गेल्या. सगळे आभाळात पाहू लागले. रंगमंचावर रिताचे डोळे खरोखर भरून आले. मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात.

गर्दीतल्या गोदावरीबाईंनी तुलारामांना विचारलं, "कोठी बसली होती गा जोडी?"

"माह्या पोरीच्या बोटावर," तुलाराम म्हणाले.

भूपेश दुसऱ्या एका मंडळात कीबोर्ड वाजवायचा. त्याने हर्षाला फोन केला. "तो आवाज मले पेन ड्राइव्हवर दे ना."

"देईन. पण पहिले घरी ये. कसा बनवतात ते दाखवून देईन, मंग तू आपला बनव."

रविवारी भूपेश कीबोर्ड पाठीला लावून करडीला आला. तुलारामांनी अंगणात खाट टाकली, आणि भूपेशने काही विचारायच्या आधीच डोंग्यातल्या त्या सकाळची गोष्ट सांगायला घेतली.