मरियमबाईच्या नावाची घंटा

शपथ घेऊ नका, तुमचं होय ते होय असू द्या, असं आमचे पाळकसाहेब सांगत्यात. सांगू द्या. मी घेते. माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. एक जरी खोटा निघाला तरी उद्या तोंडाचं बोळकं झालेलं दिसंल, या बघायला!

तर देवळाली प्रवऱ्याच्या मरियमबाई सकाळी डेअरीत दूध घालून रिकामी किटली हलवत घराकडं निघाल्या हुत्या. तेवढ्यात चर्चची घंटा वाजाय लागली. एक ठोका, मधी दम. पुन्हा एक ठोका. आमच्यात अशी घंटा कुनी प्रभूजवळ गेलं तरच वाजती, आन् जेवढं वय तेवढे ठोके. मरियमबाई उसाच्या बांधावर थांबून मोजाय लागल्या. सत्तर झाले, बहात्तर झाले, चौऱ्याहत्तरला थांबली.

"चौऱ्याहत्तरचं कोन गेलं बया?"

समोरून रंगनाथ सायकलवर आला. त्यानं बाईला बघितलं आन् हँडलच सोडलं. सायकलसकट उसात. आतनं आवाज आला, "मावशे, मला न्हेऊ नको गं! माझ्या पोरीचं लगीन व्हायचंय!"

"तुला कुठं न्हेऊ मुडद्या? भाईर ये!"

तो काय आला न्हाई. मरियमबाई तशाच घरी पोचल्या, तर दारात चपलांचा ढीग. शेजारची साळूबाई पिठलं-भाकरीची टोपली घेऊन रडत बसलेली, कारन मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत. मयत कुठं हाय ते कुनीच इचारलं नव्हतं. जो तो समजला, दवाखान्यातनं आनत असत्याल. आन् बाजेवर याकोब मास्तर बायबल उघडून कबरीजवळ वाचायचं वचन शोधत हुते.

किटली आपटली तशी सगळी बाजूला झाली.

"कुनी मारलं मला?"

साळूबाईच्या हातातली टोपली पडली. याकोब मास्तर उभे राहिले. मास्तरांनी चाळीस वर्सं शाळंत इंग्रजी शिकवलेलं. घंटा वाजवायचं कामबी त्यांच्याचकडं.

"बाई, मी ह्या कानानं ऐकलं. तुमची ग्लोरिया चर्चच्या मागल्या बाकावर बसून इंग्रजीत रडत हुती. हॅड आय नोन म्हनाली. म्हंजे, आजी इतक्या लवकर जानार हे मला ठावं असतं, तर तिच्या उशाशी आजून घडीभर बसले असते."

"मग पोरीला इचारायचं न्हाई?"

"काय इचारायचं? अशी वाक्यरचना चाळीस वर्सांत माझ्या एका पोरानं केली न्हाई. एवढं शुद्ध इंग्रजी खोटं कसं असंल?"

"आन् मी एकाहत्तरची. तीन ठोके जादा कशापायी?"

"अंदाजानं," मास्तर खाली बघून म्हनले.

मारलं ते मारलं, वर तीन वर्सं वाढवली! मरियमबाईंचं डोकं भनानलं. तवर ग्लोरिया पळत आली. छातीशी निळी वही. नात नर्स हाय, हुशार हाय, पर परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजी बोलायची परीक्षा असती, त्यात दोनदा आडकली हुती. दोन्ही टायमाला अर्ध्या मार्कानं. त्या नोकरीची यादी ह्याच मैन्यात बंद हुनार हुती, आन् परीक्षा शुक्रवारी पुन्याला. ही शेवटची.

"वाच," मरियमबाई म्हनल्या. "मराठीत सांग."

ग्लोरिया सांगाय लागली. संगमनेरच्या क्लासमधल्या रविराज सरांनी ही वही दिली हुती. त्यात मोठ्या इंग्रजीच्या चाळीस रचना, आन् त्या सगळ्या जिच्यावर बसवल्यात अशी एक मेलेली आजी. नॉट ओन्ली ती मायाळू हुती, बट ऑल्सो कधी आवाज चढवला न्हाई. इट गोज विदाउट सेइंग, म्हंजे सांगायची गरजच न्हाई, की तिचं बोलनं लोन्यासारखं मऊ. सेल्डम, म्हंजे क्वचितच, तिनं कुनावर राग धरला.

"मी कवा मऊ बोलले गं?" मरियमबाई वरडल्या. उसातल्या रंगनाथलाबी ऐकू गेलं असंल. "दोन मैनं तू माझं मयत पाठ करतीस, आन् रोज माझ्याच हातची भाकर खातीस?"

"आजी, तू न्हाईस ती. ती वहीतली हाय."

"मग मास्तरांनी घंटा वहीची वाजवली का?"

ग्लोरिया रडाय लागली, ह्या टायमाला मराठीत. "मला येतं गं सगळं. पर समोर मानूस बसलं की जीभ टाळूला चिकटती. सर म्हनले, एक शब्द हलवला तर नापास."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मरियमबाई नातीला घेऊन संगमनेरला. क्लासात तीस पोरी एका सुरात म्हनत हुत्या, हॅड आय नोन, हॅड आय नोन. मरियमबाई दारात उभ्या राहिल्या.

"ज्यांची आजी जिती हाय त्यांनी हात वर करा गं."

बावीस हात वर झाले.

"बावीस खून!" मरियमबाई सरांकडं वळल्या. "कसाई बरा, तो एकेक कापतो."

सर हसले. "आजी, बसा. परीक्षेत जिवंत आजीला मार्क नाहीत. दुःखात व्याकरण उठून दिसतं."

"व्याकरन शिकवा की, कोन नको म्हनतंय? वाक्य तुमचं असू द्या. मानूस तिचं का हिसकून घेता?"

"तुम्हाला इंग्रजीतलं काय कळतं? ही दोनदा नापास झालीये. माझी वही सोडली तर हिला तोंडसुद्धा उघडता येणार नाही."

मरियमबाईंनी मागं बघितलं. ग्लोरियाचं नाक लाल झालं हुतं. आजोबासारखं. आजोबाचं नाक लाल झालं की गोठ्यातला बैलसुद्धा गप बसायचा.

आन् पोरगी सुटली. इंग्रजीत! नेव्हर हॅव आय, अशी सुरुवात केली, म्हंजे आजवर कधीच मी, आन् मग एका दमात धडाधड. लिटल डिड यू नो, म्हंजे तुम्हाला कुठं ठावं हुतं, म्हनली. नॉट ओन्ली म्हनली, बट ऑल्सो म्हनली. वहीतल्याच रचना, पर आत सगळं तिचं. अर्ध्यात चुकलीबी असंल, थांबली न्हाई. मरियमबाईंना काय एक शब्द कळला न्हाई, पर नात कुनाची हाय ते सगळ्या क्लासाला कळलं. सरांचा खडू हातातच मोडला.

भाईर आल्यावर ग्लोरिया म्हनली, "आजी, मी काय काय बोलले गं?"

"मला काय ठावं! शुक्रवारी असंच बोल म्हंजे झालं."

"पर तिथं राग कसा आनू?"

"माझे चौऱ्याहत्तर ठोके आठव."

शुक्रवारी पुन्यात परीक्षावाल्या बाईनं इचारलं, तुझ्यावर छाप पाडलेल्या मानसाबद्दल सांग. ग्लोरियानं घंटा सांगितली. उसातला रंगनाथ सांगितला, पिठलं-भाकरी सांगितली, तीन ठोके जादा सांगितले. कधी आवाज न चढवनारी आजी सोडून दिली आन् आख्ख्या गावाला ऐकू जानारी सांगितली. हॅड आय नोन आलं, पर असं: तुझ्या जितेपनी तुला मारतेय हे मला कळलं असतं, तर वही पहिल्याच दिवशी चुलीत घातली असती.

पास झाली. अर्धा मार्क वर. याकोब मास्तरांनी घंटा वाजवली, ह्या टायमाला सनाची, जलद. आन् रविराज सर संगमनेरहून पेढे घेऊन आले, मरियमबाईंपुढं हात जोडले, म्हनले, "आजी, चुकलो."

आता दातांची शपथ घेतली हाय, तर सांगून टाकते. हे शेवटचं मी जोडलं. सर आले न्हाईत. चुकलो म्हनले न्हाईत, पेढे तर लांबच. ग्लोरियाचा फोटो मात्र क्लासच्या बोर्डावर लावलाय. आन् निळ्या वहीत मेलेल्या आजीच्या जागी आता घंटा हाय. तीस पोरी एका सुरात म्हनत्यात, माझ्या जित्या आजीच्या नावानं चर्चची घंटा वाजली. त्यातल्या सत्तावीस जनींच्या गावात चर्च न्हाई.