चार खळग्यांची हिरवळ

मित्रांनो, मला सगळे हिरवळ म्हणतात, पण मी उभ्या आयुष्यात बोटभरसुद्धा वाढलेली नाही. मी प्लॅस्टिकची. ना मला मूळ, ना बी. एका कारखान्यात सुयांनी माझं एकेक पातं जाड कापडात ओवलं, मागून चिकट थर फासला आणि गुंडाळी करून दोरीने आवळून टाकलं. तिथे मला एकच गोष्ट शिकवली गेली. कुणी कितीही तुडवलं तरी पुन्हा उठून उभं राहायचं. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मी या घरी आले ती मागच्या अंगणातल्या चिखलामुळे. खरं गवत तिथे कधी धरलंच नाही. घरातले बाबा बस चालवून निवृत्त झालेले आणि आई लोकांचे कपडे शिवायची. बाबांच्या चिखलाच्या चपला आणि आईकडे शिवायला आलेली पांढरी कापडं यांचं एका घरात जमेना. शेवटी त्यांच्या लेकीने, म्हणजे ताईने, मला आणून अंथरायचं ठरवलं.

अंथरणाऱ्या कारागिराने माझ्या पात्यांत बारीक वाळू भरली आणि आईला समजावून सांगितलं, "पाती झुकतात त्याच्या उलट दिशेने ताठ झाडू फिरवायचा. जड सामान एकाच जागी ठेवायचं नाही. बास, एवढं केलंत की नव्यासारखी राहील."

"मखमलीसारखंच आहे की," आई म्हणाली. "उलटा हात फिरवला की लव उठते."

तिने मला खरोखरच मखमलीसारखं वागवलं. रोज सकाळी चहाच्या आधी झाडू. पडलेली पानं वेचायची, पक्ष्यांची घाण ओल्या फडक्याने पुसायची, कडक उन्हात पाणी शिंपडून मला निववायची. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "खत कुठलं घालता हो?" आई गालातल्या गालात हसत म्हणायची, "घरचंच."

भांडणं व्हायची ती बाबांच्या लोखंडी खुर्चीवरून. बाबा अंगाने दणकट. ते संध्याकाळभर एकाच जागी खुर्ची टाकून बसत आणि खुर्चीचे चारही पाय माझ्यात रुतत. आई सकाळी खुर्ची हातभर सरकवायची, वाळू सारखी करून खळगे उठवायची. संध्याकाळी बाबा खुर्ची ओढत पुन्हा तिथेच.

"अहो, एवढं अंगण पडलंय. इथेच काय सोनं पुरलंय?"

"असेल. तुला काय करायचंय?"

"खळगे पडतात म्हणून सांगतेय."

"पडू देत. तुझ्या कपाळावरच्या आठ्यांपेक्षा कमीच आहेत."

सोनं काय होतं ते मला ठाऊक होतं. त्याच जागेवरून, खिडकीतून, शिलाई मशीनवर वाकलेली आई दिसायची. बाबा वर्तमानपत्र उघडून बसत, पण पान क्वचितच उलटत. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. असलं काही बोलून दाखवणारा तो माणूसच नव्हता.

मग एके दिवशी बाबा बाजारात गेले आणि तिथेच कोसळले. परत आणलं ते उचलूनच. माणसं सांत्वनाला येऊ लागली, बसायला जागा पुरेना, म्हणून कुणीतरी अंगणातली लोखंडी खुर्ची आत नेली. ती आतच राहिली. माझ्यावर राहिले नुसते चार खळगे.

गर्दी ओसरल्यावर आई सवयीने झाडू घेऊन बाहेर आली. निम्मं अंगण झाडून झालं आणि ती खळग्यांपाशी येऊन थांबली. तिथून तिने मान वर केली, तर समोर खिडकी आणि खिडकीत तिचं मशीन. मग झाडू भिंतीला टेकवून आत गेली. त्या दिवसापासून तिने माझ्यावर झाडू फिरवला नाही.

संध्याकाळी ती येऊन खळग्यांशेजारी बसायची, त्यांना धक्का लागणार नाही अशी अंग चोरून. मी जन्मभर उठून उभं राहायचं शिकलेली, पण त्या चार जागी मी स्वतःला दाबून धरलं. बाकी अंगाची माझ्या रया गेली. धूळ बसली, कडेने शेवाळ धरलं, कुणाच्या तरी मांजराने एक कोपरा आपलासा केला. शेजारीण आता खताचं विचारत नव्हती. मला मात्र त्याची लाज वाटली नाही.

लाज वाटली ती ताईला. सुट्टीत आली आणि अंगण पाहून तिचे डोळे भरून आले. "बाबांची आवडती जागा आणि तिची ही दशा," ती नवऱ्याला म्हणाली. "आईने हातपायच गाळलेत. आपण सगळं नीट करून देऊ, म्हणजे तिला जरा उभारी येईल." मित्रांनो, तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. जावई आईला डोळे तपासायला घेऊन गेले आणि इकडे ताईने सफाईवाल्याला बोलावलं.

सफाईवाला कामाला चोख. त्याने शेवाळ खरवडलं, मला धुतलं, फिरत्या ब्रशचं यंत्र चालवलं. खळग्यांपाशी आला तेव्हा मी जीव खाऊन आडवी पडून राहिले. "या जागा हट्टी दिसतात," म्हणत त्याने किटलीभर गरम पाणी मागितलं. ताईने ते स्वतःच्या हाताने आणून दिलं. गरम पाण्यापुढे प्लॅस्टिकचं काही चालत नाही. पाती सैल पडली, ब्रश फिरला, नवी वाळू पडली आणि मी उभी राहिले.

आई परतली ती दारातच थबकली. चपला काढून माझ्यावर आली आणि वाकून हाताने चाचपू लागली. थोडं पुढे, थोडं डावीकडे, पुन्हा मागे.

"काही पडलं का गं, आई?" ताईने विचारलं.

"नाही."

"आवडलं ना? अगदी पहिल्यासारखं झालंय."

आईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. घामाघूम झालेली ताई शाबासकीची वाट पाहत होती.

"छान झालंय," आई म्हणाली. "दमली असशील. चहा टाकते."

ताई समाधानाने आपल्या घरी गेली. त्यानंतर आईने लोखंडी खुर्ची बाहेर आणली. खिडकीकडे बघत, मागेपुढे सरकवत अंदाजाने जागा ठरवली आणि बसली. अंधार पडेपर्यंत बसली. बाबा गेल्यापासून ती निम्मी झाली होती. उठून तिने खुर्ची बाजूला केली आणि खाली वाकून पाहिलं. मी तिच्यादेखत उठून उभी राहत होते. मला थांबता आलं नाही. आता ती रोज बसते, रोज वाकून बघते. खळगे पडत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मी ते म्हणणार नाही. माझी काळजी उत्तम घेतली गेली. तुम्ही एवढंच करा, आपल्या माणसाचं घर आवरायला घेण्याआधी त्याला विचारा, यातलं काय ठेवायचंय? ताईने विचारलं असतं तरी आईने सांगितलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तरी विचारा. सफाईवाला जाताना म्हणाला, मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. आईबद्दल तसं कुणी म्हणत नाही.